वाढदिवस दिसतो, वाढ दिसत नाही

माझ्या नातीचा पहिला वाढदिवस मी रात्री दीड वाजता पाहिला. टोरांटोजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा दुपारचे चार वाजले होते. जून महिना होता, म्हणून साडेनऊ तासांचं अंतर. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे घेतली की तेच साडेदहा होतं. मला सगळी खोली दिसावी म्हणून लेकीने फोन पुस्तकांच्या कपाटावर टेकवून ठेवला होता. खोली दिसली. माणसांच्या पाठी दिसल्या, फुगे दिसले, कोणाच्या तरी कडेवर नात दिसली. पाऊण तासात तिने एकदाही फोनकडे पाहिलं नाही. एवढी माणसं भोवती असताना वर्षाचं मूल कपाटावरच्या चौकोनाकडे कशाला पाहील? शेवटी लेक घाईघाईने आली आणि म्हणाली, "आई, दिसलं ना गं सगळं?" मी दिसलं म्हटलं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका मंगळवारी, लेकीने वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज फोन लावला आणि जमिनीवरच उशीला टेकवून ठेवला. आमच्या गप्पा चालू होत्या. नात कपड्यांच्या ढिगातून एकेक मोजा काढून फोनसमोर आणून ठेवू लागली. मोजा ठेवायची, माझ्याकडे बघायची, मी "आणि दुसरा?" म्हटलं की पुन्हा ढिगाकडे जायची. दुसरा म्हणजे त्याच रंगाचा, हे तिला अजून उमगलं नव्हतं. पण "दुसरा" म्हणजे परत जाऊन काहीतरी आणायचं, एवढं पक्कं कळलं होतं. वीस मिनिटं हे चाललं. त्या वीस मिनिटांत ती मला जेवढी कळली, तेवढी त्या रात्रीच्या पाऊण तासात कळली नव्हती.

लेकरं परदेशात आणि आपण इकडे, अशी घरं आता इतकी झाली आहेत की हा एकट्यादुकट्याच्या हळहळीचा विषय राहिलेला नाही. तरी आपण त्याबद्दल बोलतो ते प्रसंगांच्या भाषेत. वाढदिवसाला जाता आलं का, सुट्टीत ते आले का, बारशाला कोण होतं. माझं म्हणणं असं आहे की हा हिशोबच चुकतो, आणि तो कुटुंबांइतकाच सरकारांचाही चुकतो. मूल साध्या दिवसांत वाढतं. ज्याला त्याची वाढ पाहायची आहे त्याला साधे दिवस मिळायला हवेत, सलग आणि भरपूर. ते मिळण्याच्या आड आज व्हिसाचे नियम येतात, विमा येतो, नोकरीतल्या रजा येतात आणि आपल्या स्वतःच्या सवयीही येतात.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या जवळपास तिप्पट होतं आणि उंची सुमारे २५ सेंटिमीटरने वाढते. दीड-दोन महिन्यांचं झालं की ते माणसाकडे पाहून हसू लागतं, आठव्या महिन्याच्या आसपास अनोळखी चेहऱ्याला बिचकू लागतं, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकतं, दोन वर्षांचं होईतो दोन शब्द जोडून बोलतं. यातली एकही गोष्ट तारीख लावून होत नाही. लेकीला नेमका दिवस विचारला तर तिलाही सांगता येत नाही, कारण काल येत नव्हतं आणि आज येतंय, असं झालेलं असतं. वाढदिवस हा या सगळ्याचा वर्षातून एकदा निघणारा फोटो. तो हवाच, माझ्याकडेही भिंतीवर आहे. पण मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं फारसं काही आठवत नाही. पहिले दोन-तीन वाढदिवस मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेले असतात. मुलाच्या अंगात मुरतं ते रोजचं: कोणाच्या आवाजाने झोप येते, पडल्यावर कोणाकडे बघायचं, कोणत्या भाषेत कुरकुर केली की कोण उठतं.

आणि आपण काय करतो? वर्षभराची रजा साठवून, तिकिटाचे पैसे जमवून, बरोब्बर वाढदिवसाच्या दोन-तीन दिवस आधी पोचतो आणि दोन आठवड्यांत परततो. पहिल्यांदा आम्हीही तेच केलं. तेव्हा नातू, म्हणजे नातीचा थोरला भाऊ, नऊ महिन्यांचा होता आणि वाढदिवस होता जावयांचा. फोनवर रोज मला बघून हात उडवणारा मुलगा विमानतळावर मी जवळ घेताच मान वळवून रडायला लागला. तीन दिवस माझ्याकडे आला नाही. चौथ्या दिवशी लांबून हसला. आठवडा उलटल्यावर मांडीवर बसला, आणि मग आमच्या बॅगा भरायची वेळ झाली. लेकीला फार वाईट वाटलं, पण मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. त्या वयात परक्याला बिचकणं हे वाढीचंच लक्षण आहे, आणि काचेतला ओळखीचा चेहरा म्हणजे वास, आवाज, हात असलेलं ओळखीचं माणूस नव्हे. ओळख व्हायला लागणारा वेळ आपल्या मुक्कामाएवढाच असेल, तर तो मुक्काम फक्त ओळख करून देण्यापुरता उरतो.

भाषेचं तर याहून स्पष्ट आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं १२ बैठकांमध्ये खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. ती बाळं मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच फरक पडला नाही. पुढे २०१४ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की थेट व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस मुलाला खरोखर प्रतिसाद देत असेल, तर मूल नवे शब्द शिकतं. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून शिकत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको असं सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलला त्यातून सूट दिली होती. म्हणजे फोन वाया जात नाही. पण तो मोज्यांच्या खेळासारखा असावा लागतो, देवाणघेवाणीचा. "आजीला गाणं म्हणून दाखव" असं सांगून मुलाला कॅमेऱ्यासमोर उभं करण्याने ती होत नाही. त्याने मुलाला फोनचा कंटाळा येतो आणि आजीला परीक्षकाची जागा मिळते.

दुसऱ्या खेपेला मी पाच महिने राहिले, एकटीच. नात तेव्हा पावणेदोन वर्षांची. पाळणाघरात दिवसभर इंग्रजी. घरी आईबाबा मराठी बोलत, पण दमून आलेली माणसं बोलून बोलून किती बोलणार? तिला सगळं समजायचं, बोलायची मात्र इंग्रजीतला एखादा शब्द. पहिला महिना मी बोलत राहिले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. जिना ती बसून, एकेक पायरी घसरत उतरायची. मी प्रत्येक पायरीला मोजायची. तिसऱ्या महिन्यात एकदा मी मोजायला विसरले, तर ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "आज्जी, तीन." त्यानंतर "आज्जी, इकडे" आलं, "अजून नको" आलं. हे मी तिला शिकवलं असा माझा दावा नाही. आम्ही दोघी रोज तोच जिना उतरत होतो, एवढंच.

हे पाच महिने मी राहिले ते कॅनडाच्या 'सुपर व्हिसा'वर, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. १ डिसेंबर २०११ पासून आईवडील आणि आजीआजोबांसाठी हा वेगळा व्हिसा सुरू झाला. दहा वर्षांपर्यंत कितीही वेळा ये-जा करता येते. सुरुवातीला एका खेपेला दोन वर्षं राहता येत असे, जुलै २०२२ पासून ती मुदत पाच वर्षांची झाली. बदल्यात वैद्यकीय तपासणी करावी लागते, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण देणारा खासगी आरोग्यविमा दाखवावा लागतो, आणि मुलाचं किंवा नातवंडाचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर आहे हे सिद्ध करावं लागतं. ही व्यवस्था निर्दोष नाही. साठी-सत्तरीच्या माणसाचा विमा महाग पडतो, मधुमेह-रक्तदाब आधीपासून असेल तर आणखी. म्हणून साध्या पगाराच्या घरांना ती परवडत नाही. पण तिच्यामागचा विचार मला पटतो. आजीआजोबा पर्यटक नाहीत आणि त्यांना कायमचं स्थायिकही व्हायचं नाही, असा एक तिसरा प्रकार माणसांत असतो, हे त्या नियमाने मान्य केलं.

बाकी ठिकाणी बहुधा दोनच दारं आहेत, पाहुणा किंवा कायमचा रहिवासी. पाहुण्याला ब्रिटनमध्ये एका वेळी सहा महिने, अमेरिकेतही साधारण तेवढेच. अर्जात प्रश्न असतो, परत कधी जाणार आणि जाल याची खात्री काय. आमच्या ओळखीच्या एका बाईंना एका देशाने याच कारणावरून दोनदा नकार दिला. मुक्काम संपल्यावर त्या परततील याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही. त्यांचं घर इथे, पेन्शन इथे, बहीणभाऊ इथे. ज्या गोष्टीसाठी जायचं, म्हणजे नातवंड, तीच गोष्ट त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली.

कायमच्या दाराची अवस्था तर फार वाईट आहे. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये नियम असे कडक केले की आईवडिलांना वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याचा आधार लागत असेल आणि तो मायदेशात मिळण्यासारखा नसेल, तरच अर्ज करता येतो. म्हणजे नातवंडाबरोबर चालू-फिरू शकणाऱ्या आजीला तिथे जागा नाही. ऑस्ट्रेलियात साध्या पालक-व्हिसाच्या रांगेला सरकारच्याच अंदाजाने ३० वर्षांच्या आसपास लागतात. पैसे भरून लवकर मिळणाऱ्या प्रकाराला माणशी ४० हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मोजूनही दशकभराहून जास्त थांबावं लागतं. बहुधा कधीच न मिळणाऱ्या व्हिसासाठी लोकांना अर्ज करू देणं हे क्रूर आणि अनावश्यक आहे, असं तिथल्या स्थलांतर-व्यवस्थेच्या २०२३ च्या अधिकृत आढाव्यातच म्हटलं आहे. कॅनडाच्या स्थायिक होण्याच्या योजनेत जानेवारी २०१९ मध्ये ऑनलाइन अर्जाची खिडकी दहा-एक मिनिटांत भरून बंद झाली. २०२० मध्ये नावं घेतली, आणि पुढे २०२५ पर्यंत आमंत्रणं त्याच यादीतून निघत राहिली. २०२१ मध्ये तिथे गेलेल्या मुलाला आईवडिलांचं नाव टाकायलाही जागा नव्हती. ३० वर्षांची रांग म्हणजे काय, हे आजीच्या वयाशी ताडून पाहावं. तिची पाळी येईल तेव्हा नातवंडालाच मुलं झालेली असतील.

म्हणून माझा आग्रह मधल्या दाराचा आहे. आपला विमा आपण काढायचा, सरकारी मदत मागायची नाही, नोकरी करायची नाही, पण तीन-पाच वर्षं मोकळेपणाने ये-जा करता यावी. हे अशक्य असतं तर कॅनडात ते इतकी वर्षं टिकलं नसतं. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक-व्हिसा आणला. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ पासून पाच वर्षांचा सुरू केला. जर्मनीने त्याहून पुढे जाऊन १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा निवास-परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांनाही बोलावता येईल अशी तरतूद केली. कामाची माणसं हवी असतील तर ती एकटी येत नाहीत, हे या देशांना हळूहळू पटत चाललेलं दिसतं.

याच्या विरोधात सांगितली जाणारी पहिली गोष्ट म्हणजे म्हातारी माणसं त्या देशाच्या दवाखान्यांवर भार टाकतील. ही काळजी खोटी नाही, आणि दवाखान्यांत तिथल्याच लोकांना ताटकळावं लागत असताना ती उडवूनही लावता येणार नाही. विम्याची अट मला मान्य आहे ती म्हणूनच. दुसरी गोष्ट आपल्याच लोकांकडून ऐकू येते: "तुम्हीच पाठवलंत ना परदेशी? मग आता कशाला रडता?" हो, पाठवलं. लेकीचं शिक्षण, तिची उमेद बघून पाठवलं, आणि पुन्हा पाठवीन. पण मुलगी दूर जाणार हे स्वीकारणं वेगळं आणि तिच्या मुलांनी आपल्याला ओळखू नये हे स्वीकारणं वेगळं. शिवाय नातवंडाने काहीच निवडलेलं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचे कौटुंबिक संबंध जपण्याचा हक्क आहे आणि विस्तारित कुटुंबाचाही उल्लेख आहे. मात्र कुटुंब एकत्र येण्यासाठीचे अर्ज मानवी दृष्टीने आणि लवकर निकाली काढावेत असं जिथे म्हटलं आहे, तिथे विचार आईबाप आणि मुलं एवढाच झाला. आजीआजोबा गृहीत धरले गेले, कारण तेव्हा ते बहुतेक ठिकाणी एका हाकेच्या अंतरावर असत.

तिसरा आक्षेप मात्र मला सगळ्यात जास्त टोचतो: आजी म्हणजे बिनपगारी आया. यात तथ्य आहे. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. कॅनडात बाळंतपणाची आणि पालकत्वाची भत्त्यासह रजा एक वर्ष किंवा दीड वर्षापर्यंत ताणता येते. त्यामुळे अमेरिकेतल्या आपल्या घरांत पहिलं वर्ष कसं निघतं ते सर्वांना ठाऊक आहे: आधी मुलीची आई सहा महिने, ती परतली की सासूबाई सहा महिने. व्हिसाची मुदत आणि रजेचं भगदाड यांची मापं जुळतात, आणि ते भगदाड दोन साठीच्या बायका बुजवतात. भाषा येत नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. सकाळी आठला दार बंद झालं की संध्याकाळी सहाला उघडतं. मी हे पाहिलं आहे. अशा मुक्कामातून सुटून आलेल्या बायका पुन्हा जायला नाखूश असतात, आणि बोलून दाखवत नाहीत. नातीला बघायला जाणं आणि नातीला सांभाळायला बोलावलं जाणं यांतला फरक घरातल्यांनी तोंडाने बोलून ठरवायला हवा. किती तास, कोणता दिवस मोकळा, आजींना बाहेर कोण नेणार, हे सगळं विमानात बसण्याआधी. स्वीडनने जुलै २०२४ पासून पालकांना आपल्या रजेचे भत्त्यासह काही दिवस आजीआजोबांच्या नावे करण्याची मुभा दिली आहे. ती तिथल्या सामाजिक विम्यात असलेल्यांपुरती, म्हणजे आपल्यासारख्या पाहुण्यांना नाही. तरीही एका सरकारने आजीच्या वेळाची किंमत मान्य केली, हे मला मोठं वाटतं.

आपल्या सरकारकडूनही मला अपेक्षा आहे. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झालेल्या व्यापार करारात दरवर्षी १,८०० भारतीय आचारी आणि योगशिक्षकांना जाता येईल अशी तरतूद आपण मिळवली. ब्रिटनबरोबरच्या २०२५ च्या करारावेळी तात्पुरत्या कामासाठी गेलेल्यांचा सामाजिक सुरक्षेचा दुहेरी हप्ता वाचेल हे पाहिलं. इतक्या बारकाईने मागता येतं, तर कामासाठी जाणाऱ्यांच्या आईवडिलांचा दीर्घ मुक्काम हाही मागण्यांच्या यादीत हवा. मनात आणलं तर अडचणी दूर होतात. पूर्वी नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत हजर व्हावं लागे, आणि त्यासाठी लोक परदेशातला मुक्काम आटोपता घेत. आता मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने तो दाखला देता येतो. तसंच वयस्कांचा दीर्घ मुदतीचा प्रवासविमा, आधीपासूनच्या आजारांसह, वाजवी हप्त्यात मिळेल अशी योजना सरकारी विमा कंपन्यांना आणता येणार नाही का? कमी उत्पन्नाच्या घरांसाठी तर तिचीच खरी गरज आहे. आज लांबचा मुक्काम मिळतो तो ज्यांची मुलं भरपूर कमावतात त्यांना; रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या किंवा ट्रक चालवणाऱ्या मुलाच्या आईला नाही.

आणि आपल्या हातात जे आहे त्याला तर कोणाची परवानगी लागत नाही. लेकीशी बोलून मी काही गोष्टी बदलल्या. वाढदिवसाच्या गर्दीत फोन लावायचा नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे पांगल्यावर, नात जमिनीवर बसून भेटवस्तूंच्या रिकाम्या खोक्यांत शिरत असते, तेव्हा लावायचा. आठवड्यातून तीन दिवस, त्यांची सकाळ आणि आपली संध्याकाळ, काहीही न ठरवता अर्धा तास. बोलायला काही नसेल तर न बोलता. नातू गृहपाठ करतो, मी माझी भाजी निवडते किंवा शिवण घेऊन बसते, मध्येच तो एखादं गणित वर करून दाखवतो. सात वर्षांच्या मुलाला आजीला सांगण्यासारखं रोज काही घडलेलं नसतं, आणि त्याला तसं विचारलं की तो "नथिंग" म्हणून उठून जातो. शेजारी बसलं तर आपणहून सांगतो.

नात आता तीन वर्षांची झाली. या वेळचं तिकीट मी जूनचं काढलं नाही. फेब्रुवारीचं काढलं, परतीची तारीख जुलैअखेरची. लेकीने तारीख ऐकली आणि म्हणाली, "फेब्रुवारीत? आई, तेव्हा काय आहे?" तिच्या नजरेसमोर कॅलेंडर होतं, त्यात सुट्टी नाही, कोणाचा वाढदिवस नाही. मग तिचं तिलाच आठवलं की फेब्रुवारीत पाळणाघरात नात मोठ्या मुलांच्या वर्गात जाणार आहे. पहिले काही दिवस दाराशी रडेल बहुतेक. मी म्हटलं, मग सकाळी मी जात जाईन तिच्याबरोबर, तुला कामावर पोचायचं असतं.